पुसलेला जयभीम

अमरावती,
१२ जून २०२३

आद. दीपमालाताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून आबांनी लावलेल्या सवयीने पत्र टाकते आहे. तुझी आई, मैनाकाकू, सांगत होत्या की तू कॉम्प्युटरवर ओढणी टाकून ठेवली आहेस आणि दोन जुलैच्या प्रोग्रामिंगच्या परीक्षेला अकोल्याला जाणार नाही म्हणतेस. बियाण्याच्या ज्या गोदामात तू कंत्राटावर आकडे भरतेस, तिथे प्रोग्राम लिहिता आला तर कायम करणार आहेत. हे सगळं इंटरनेटवरच्या त्या प्रोग्रामिंगच्या फोरमवर विचारलेल्या एका प्रश्नापायी सोडायचं?

तिथे विचार, असं मीच तुला सांगितलं होतं, म्हणून झोप लागत नाही. तू स्क्रीनचा मोबाइलने फोटो टाकलास, त्यात पंख्याची सावलीही आली. कोड अक्षरांत टाकला तर दुसऱ्याला चालवून बघता येतो, एवढंच कोणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी एकाने आधी शोधायला शिका म्हटलं, दुसऱ्याने असे लोक येतात कुठून म्हणून विचारलं, आणि प्रश्न बंद केला.

विहाराच्या ओसरीवर आबा शिकवायचे ते आठवतं? उत्तर देणाऱ्याने आधी शेजारी बसायचं, प्रश्न स्वतःच्या तोंडाने म्हणायचा, आणि विचारणाऱ्याने हो म्हटल्यावरच उत्तर द्यायचं. मी अजून तसंच करते. ऑफिसातले हसतात.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी ठेव.

तुझी,
दीक्षा

बार्शीटाकळी,
१६ जून २०२३

चि. दीक्षाले,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. लोकं बोलले त्याचं मले काही नाही. कंत्राटावर त्याहून जास्त ऐकून घेतो आमी. फोटोचं चुकलं, तेही कबूल.

पण मी सुरुवातीले जयभीम लिहिलं होतं आणि शेवटी सर्वांचे आभार. थोड्या वेळानं पाहिलं तर दोन्ही गायब. खाली लिहून होतं की अनावश्यक मजकूर काढला. फोटो तसाच होता, चुका तशाच होत्या, तेवढंच पुसलं. तू शिकलेली आहेस, सांग कावून पुसलं. आबांच्या ओसरीवर कोणाचं उत्तर चुकलं तरी जयभीम कोणी नाकारला नव्हता.

आईले वाटते मी परीक्षेले भिऊन राहिली. वाटू दे. आणि तू त्या लोकांची बाजू घेऊ नको. अमरावतीत राहून पुण्याची झाली की काय?

जेवत जा वेळेवर. माया आहे, ती काही कोणाले पुसता येत नाही.

तुझी,
दीपमालाताई

अमरावती,
२० जून २०२३

आद. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी नियम वाचले. नमस्कार आणि आभार तिथे सगळ्यांचेच काढतात, प्रश्न आटोपशीर राहावा म्हणून. हे खरं आहे, आणि तुला सांगताना मला लाज वाटते आहे. मी तुझा जयभीम परत लिहिला. तो पुन्हा पुसला गेला. मग फोरम चालवणाऱ्यांना लिहिलं. त्यांनी अगदी सभ्यपणे कळवलं की नियम सर्वांना सारखा आहे. कुणाचं गुड मॉर्निंग पुसलं तर त्याला काहीच होत नाही, हे वाक्य मी कितीदा तरी लिहिलं आणि खोडलं. शेवटी पाठवलं. त्यावर उत्तर नाही.

तिथे उत्तरं देणं मी थांबवलं आहे. पण मग नव्याने येणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार, हेही कळत नाही. बरोबर काय ते आबांना विचारावंसं वाटतं, आणि आबा नाहीत.

तुझा प्रश्न मलाच पाठव. कसाही लिही, पानभर जयभीम लिही. मी आधी तुझ्या शब्दांत म्हणून दाखवीन. परीक्षेला मात्र जा.

रागावलीस तरी आपली म्हणूनच रागाव.

तुझी,
दीक्षा

बार्शीटाकळी,
२६ जून २०२३

गोदामातील गोण्यांची बेरीज करणारा प्रोग्राम. कोड मागच्या पानावर अक्षरांत दिला आहे. फोटो नाही.

अपेक्षित: सर्व ओळींची बेरीज.
मिळते: फक्त शेवटच्या ओळीचा आकडा.

प्रत्येक ओळीला बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते. कारण काय?

आधी शोधून पाहिले. सापडले नाही.