पापलेटाच्या घड्याळामागची ओल

नवीन पनवेल,
रविवार, दुपार

तीर्थरूप धर्मराजदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, संजनाच्या, नवऱ्याचा, म्हणजे प्रदीपचा, पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचं बीपी आणि होडीचं इंजिन ही तिन्ही ठीक चालली असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे आता कोरडे आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण परवा तुम्ही फोनवर अकरा मिनिटं नुसते हसत होता आणि माझ्या मुद्द्यापर्यंत गाडी पोचलीच नाही. कागद वाचून हसलात तरी निदान मला ऐकू येणार नाही.

तर आमच्या वास्तुशांतीला तुम्ही पापलेटाच्या आकाराचं सागवानी घड्याळ दिलंत. (शेपटीवर तुमचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे कोणी दिलं हे विसरायची सोय नाही.) दिलंत ते दिलंत, वर "सुतार कशाला, मी हाय ना" म्हणत ते हॉलच्या भिंतीवर स्वतः टांगलंत, आणि त्यासाठी होडीला मारायचा सहा इंची खिळा खिशातून काढलात. वास्तुशांतीला येताना माणूस खिशात होडीचा खिळा का ठेवतो हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. तो खिळा भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात शिरला आणि बुचासारखा बसला, हे आम्हाला सात वर्षांनी कळलं. अलीकडे घड्याळाखाली जरा ओल दिसायची. संजना कुरकुरायची, आणि मी तिला सांगायचो की खाडीजवळच्या हवेत भिंतीलाही घाम येतो. शेवटी पापलेटाचं तोंड दक्षिणेला आहे म्हणून ते हलवा असा तिने धोशा लावला. गेल्या मंगळवारी अंघोळीला जाता जाता मी पक्कड घेतली आणि खिळा उपटला.

पाणी सरळ समोरच्या टीव्हीवर गेलं. मी टॉवेलवर होतो. सुचेल ते केलं, म्हणजे भोकात बोट घातलं. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी शहरात बारशाला. वॉचमन जगन किल्ली आणायला गेला, तो तिथे जेवूनच आला. (त्याला आग्रह झाला म्हणे.) दीड तास मी एका हाताने भोक आणि दुसऱ्या हाताने टॉवेल धरून उभा होतो. त्या अवस्थेत एकवीरा आईला दोन बोकड बोललो, त्यातला एक तुमच्या नावाने. संजना मदतीला धावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "थांबा, दादाला इचारते," आणि तिने नऊ मिनिटांचा व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवला. लगेच तिचा फोन बादलीत पडला. देव आहे असं मला त्या क्षणी वाटलं.

खालच्या मजल्यावर गुणाबाई राहतात. त्यांच्या छताचा गिलावा पडला, तो नेमका सुकटीच्या टोपलीत. तेव्हापासून त्या रोज सकाळी सात वाजता येतात, आमच्या सोफ्यावर बसतात आणि "छत झाला का?" एवढंच विचारतात. चहा घेतात, पण उठत नाहीत. म्हणून मला विम्याची आठवण झाली. कर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवला होता. कागद शोधला. पाइप अचानक फुटला तर भरपाई आहे, हळूहळू झिरपत असेल तर नाही. फॉर्मात विचारलं होतं, यापूर्वी ओल आढळली होती का? मी ठळक अक्षरात लिहिलं, कधीही नाही. कंपनीतल्या बाईंनी बजावलं की सर्व्हेअर येईपर्यंत सगळं जसंच्या तसं राहू द्या.

इथे माझी चूक झाली. मी घरात सांगितलं, "उद्या कंपनीचे साहेब घरी येणार आहेत." तुमच्या घराण्यात पाहुणा येणार म्हटलं की काय होतं हे मी तुम्हाला काय सांगू? संजनाने बाजूच्या तीन बाया जमवल्या. भिंत खरवडून तिला रंग दिला. भिजलेल्या गाद्या शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेल्या. फुगलेल्या टीपॉयवर भरतकामाचा रुमाल आला. दारात रांगोळी काढली. गुणाबाईंनी स्वतःच्या घरी जाऊन पडलेला गिलावा झाडला आणि छताच्या भगदाडाखाली तोरण बांधलं. अथर्व नावाचे ते तरुण साहेब तुमच्याच गावचे, करंजाचे निघाले, मग तर विचारूच नका. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण जेवून त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, घर छान आहे. नुकसान कुठे आहे?" मी टीव्ही बंद पडल्याचं सांगितलं, तर संजना म्हणाली, "आमी बघतच नाय." चार लोकांसमोर घरातली मोडतोड दाखवायची तिला लाज वाटते, दादा. खरं सांगतो, त्या घटकेला मला रडू आलं. साहेब जाताना म्हणाले की पाणी आल्याचा काही पुरावा आठवड्यात द्या, नाहीतर फाइल बंद करावी लागेल.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. प्रांजलला अभ्यास कर म्हणावं.

तुमचा वाळत घातलेला मेव्हणा,
प्रदीप

ता. क. : तो व्हिडिओ पुसून टाका असं मी तुम्हाला शपथ घालून सांगितलं होतं. तुम्ही नेहमीप्रमाणे माझं ऐकलं नसेल अशी आशा आहे. जगात त्याची प्रत फक्त तुमच्याकडे आहे. ताबडतोब पाठवा. टॉवेलचं मी बघून घेईन.

आणखी एक : पाठवताना आवाज काढून पाठवा. आत्ता आठवलं, मी बोकड बोलत असताना मागून संजना ओरडतेय, "दोन वर्सं सांगतेय, भित ओली हाय, भित ओली हाय. पन माजं आयकतंय कोन?"

शेवटचं : पाकीट चिकटवणार तेवढ्यात अथर्वसाहेबांचा फोन आला. तुम्ही व्हिडिओ फक्त घरच्यांना पाठवला होता ना? तो करंजाच्या मासळीवाल्या बायांच्या ग्रुपवरून त्यांच्या मावशीने त्यांना पाठवला. चित्र चांगलं आहे म्हणाले, आवाज तर फारच स्वच्छ आहे. तेव्हा विमा मिळणार नाही. गुणाबाईंचं छत मी पदरचे पैसे घालून करतोय, उद्या मिस्त्री येईल. (तुम्ही येऊ नका.) फोन ठेवला आणि संजनाला म्हटलं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. ती म्हणाली, "जरा थांबा," आणि नवीन फोन घेऊन आली. म्हणाली, "आता बोला परत." बोललो. तो व्हिडिओही तुमच्याकडे येईल. तो आवाजासकट ठेवा.