इंजिन माझे, गाडी दादाची

मी, जगन दाजी घरत, वय एकाहत्तर, बंदरातून निवृत्त झालेला क्रेनचालक, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, तसे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावतो, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. तळमजल्यावरची माझी सदनिका व बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मनस्वी हिला मिळावी. तिची आई शांती वारल्यापासून घर तिनेच सांभाळले आहे. कोणाची हरकत असल्यास त्याने ती गिळावी.

कलम दोन. माझे पाने, जॅक व साखळीची पुली हेही मनस्वीला. शेजारच्या परेशने मागितल्यास उसने द्यावे, तो पुसून परत करतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना साधा स्क्रू-ड्रायव्हरही देऊ नये. दसऱ्याला पूजा करून मी बाल्कनीतले माझे इंजिन थोडा वेळ सुरू करतो, त्याच्या धुराने त्यांची तुळस वाळली, असे त्यांनी मला लेखी कळवले होते. तुळस पाण्यावाचून वाळली. मी रोज बघत होतो.

कलम तीन. मागच्या बाल्कनीत लोखंडी स्टँडवर ठेवलेले फियाटचे इंजिन. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मिठागराची जमीन सरकारने घेतल्यावर आलेल्या पैशातून आमच्या वडिलांनी, दाजींनी, ही फियाट जुनी घेतली. चालवायचा माझा थोरला भाऊ प्रभाकर, म्हणजे दादा. इंजिनाचे सगळे मी बघायचो. दाजी गेल्यावर वाटणी झाली. घर, शेत, भांडी निमूट वाटली गेली; अडलो ते गाडीवर. दादा म्हणाला, "चालवली मी, गाडी माझी." मी म्हणालो, "चालली माझ्यामुळं, इंजिन माझं." तो म्हणाला, "मग काढ आणि ने." मी काढले. अंगणातल्या आंब्याला पुली बांधली आणि पंचांच्या देखत इंजिन उचलून टेम्पोत ठेवले. दोघांपैकी एक जण माघार घेईल असे पंचांना वाटत होते. घरतांना ते ओळखत नव्हते.

आमची आई हौसा पायरीवर बसून सगळे बघत होती. म्हणाली, "गाडीचं तुमी दोन केलं, आता माझं पन करा." तिचेही केले. सहा महिने गावात दादाकडे, सहा महिने माझ्याकडे. शेवटपर्यंत तिची कपड्यांची पिशवी कधी पूर्ण रिकामी झाली नाही.

तेव्हापासून गाडी दादाच्या पडवीत आहे आणि इंजिन माझ्याकडे. नुसते ठेवले तर ते आतून गंजून जाम होते. म्हणून दर शनिवारी प्लग काढून, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून मी ते हाताने फिरवतो. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड लेथवर सपाट करून आणले, कार्बोरेटर किती वेळा खोलला ते आठवत नाही. शांती म्हणायची, "याला ना चाकं ना रस्ता, तुमी नटवताय कुणासाठी?" कुणासाठी ते तिला माहीत होते.

आता दादाचा मुलगा दीपेश कर्नाळ्याच्या रस्त्यावर हॉटेल काढतो आहे. गाडी रंगवून दारात उभी करणार, बोनेट काढणार आणि इंजिनाच्या जागी कुंड्या ठेवणार, असे त्याने मनस्वीला फोनवर सांगितले. लोक फोटो काढायला थांबतात म्हणे. अरे, गाडी आहे ती! तिच्यात शेवंती लावायची? तरी पोराला शिव्या देत नाही. जागा इतकी वर्षे रिकामी दिसली, त्याला दुसरे काय सुचणार?

म्हणून, इंजिन मनस्वीच्या मालकीचे राहील आणि माझ्या मृत्यूनंतर तिने ते त्याच गाडीत बसवून द्यावे. विकू नये. इंजिनाखालची नवी रबरे मी आणून ठेवली आहेत. गाडी दादाचीच राहील, मी तिच्यात वाटा मागत नाही. वाटणीच्या दिवशी मी चुकलो असे मी कोठेही लिहिलेले नाही, तसा अर्थ कोणी काढू नये. मला ती गाडी रस्त्यावर हवी आहे आणि दादाने चालवायला हवी आहे. मला त्याची फार आठवण येते, हेही येथे नोंदवतो.

अडचण अशी की त्याच्या परवानगीवाचून बोनेट उघडता येणार नाही, आणि आम्ही बोलत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार तोच असावा. त्याची सही हीच संमती समजावी. वकील अरुंधतीताई म्हणाल्या, "काका, दोन साक्षीदार नसतील तर हा कागद रद्दी आहे. ते आलेच नाहीत तर? दुसरं कोणीही चालेल." मला चालणार नाही. दादा सही करेपर्यंत हे मृत्युपत्र अपुरे राहील, आणि तोवर मला मरायला सवड नाही.

कलम चार. या सर्वाची अंमलबजावणी मनस्वीने करावी. रडण्यात वेळ घालवू नये.

स्थळ: खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

(सही) जगन दाजी घरत

साक्षीदार पहिले:
(सही) परेश वझे, शेजारी. १० नोव्हेंबर २०२५

साक्षीदार दुसरे:
(सही) प्रभाकर दाजी घरत, भाऊ. १९ नोव्हेंबर २०२५

जगनच्या समोर बसून सही केली. कलम तीन मला मंजूर नाय. तू मेल्यावर इंजिन घेऊन मी काय करू? मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा हाय, माझ्याकडं एवढा वेळ नाय. येत्या रविवारी घेऊन ये. आपण बोलत नाय, म्हणून लिहून देतो.