गुलाबी बडीशेपेचा टोस्ट

३ मार्च, सोमवार
आजपासून केंद्रात माझा वर्ग : अंगावर पाजणाऱ्या आईनं काय खावं. नऊ जणी. मूल झालं की आठ दिवस बाळंतिणीच्या घरी जाऊन दोघांचं करायचं, ही माझी नोकरी; एकोणीस वर्षं हेच सांगतेय. अर्धं ताट भाजी, मग मासे, कडधान्यं, जाड्या पिठाचा ब्रेड. पाणी भरपूर. साखर बंद! सगळ्या लक्ष देऊन ऐकत होत्या.
मारिटला छत्तिसावा आठवडा. लेकीचं बाळंतपण मीच करणार. त्यात विचारायचं काय?

१० मार्च
पाच जणी. थंडी फार. वित्स्के नावाची एक भर वर्गात चॉकलेटचा चुरा घातलेला ब्रेड खायला लागली. काढून घेतला. "पोस्टमाबाई, सकाळपासूनचा पहिला घास होता हो," म्हणाली आणि रडली. बाळंतिणी हळव्या असतातच.

१७ मार्च, दुपारी
दोघी. त्यातली एक चुकून या खोलीत आलेली. असो, गर्दी नको, दर्जा हवा.
मारिटकडे उकडलेले वाटाणे नि मासे घेऊन गेले. दारातच म्हणाली, "आई, येण्याआधी फोन करत जा. आणि मला जेवू दे गं, परीक्षा नको घेऊस." दिवस भरत आले की चिडचिड होते. डबा पायरीवर ठेवला.

२४ मार्च
कोणी नाही. तरी फळ्यावर ताट काढलं. सुरेख आलं.
आमच्या ऑफिसातली ख्रेत, बाळंतिणींना क्रीमचा केक चारणारी, आजपासून आठ दिवस एका नव्या बाळंतिणीकडे. कुणाकडे? "सांगता येत नाही गं, नियम आहे." मोठी आली नियमवाली.
मारिट फोन उचलत नाही. झोपली असेल. विश्रांती हवीच.

१ एप्रिल, मंगळवार
ख्रेतनं बाळ झाल्याचे टोस्ट आणले. लोण्यावर साखरेत घोळलेली गुलाबी बडीशेप, म्हणजे मुलगी. कुणाची, विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मारिटची. तुला एक द्यायला सांगितलंय."
एक एप्रिल म्हणून मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.
बाळ छान पितंय म्हणे. मारिटला काय खायला घालतेस, विचारलं. "मागेल ते."
मला नात आहे. आठ दिवसांची.
टोस्ट खाल्ला. साखर फार. मांडीवर चुरा सांडला, तोही वेचून खाल्ला.