आमच्या आळीतला खांब

१८ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न लागलं, कंदील उतरले आणि आळीत पुन्हा मिट्ट काळोख. प्रणाली अलिबागच्या लॅबमधून सुटून चौल नाक्यावर उतरते तेव्हा रात्र झालेली असते. तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंना वाड्या, मधे बोळाएवढी आळी, आणि दिवा एकही नाही. काल कुत्री मागे लागली. पोरगी रडतच घरात शिरली. म्हणाली, असंच चालणार असेल तर मी अलिबागला रूम घेते. मी म्हटलं, रूमबिम काही नको, महिन्याभरात दिवा आणतो. मी हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही.

२१ नोव्हेंबर
पंचायतीत गेलो. क्लार्क जेवायला गेलेला. तो आला तर लाइट गेली. दमलो बुवा.

२९ नोव्हेंबर
ग्रामसभा. काय बोललो मी! लेकीबाळींचा प्रश्न आहे, प्रत्येकाने थोडी झळ सोसलीच पाहिजे! टाळ्या. समोरच्या वाडीवाल्या हरेश्वरनेसुद्धा वाजवल्या. दिवा मंजूर. प्रणालीने रूम बघणं थांबवलं. पोरीचा बापावर विश्वास आहे.

१२ डिसेंबर
सदा वायरमन जागा बघून गेला. माणूस चांगला, पण डोकं चालवत नाही. म्हणे खांब वळणावर हवा, उजेड दोन्हीकडे पडेल. वळण म्हणजे नेमका आमच्या वाडीचा कोपरा! एक पोफळ तोडायची आणि कुंपण हातभर आत घ्यायचं. आज हातभर दिली की उद्या गाडीरस्ता मागतील. मी शांतपणे सांगितलं, समोर घाला. तर हरेश्वर बाहेर येऊन म्हणतो, भाषण तुमीच ठोकलंत न्हाय? मंग झळ पण तुमीच सोसा. लोक नको ते लक्षात ठेवतात.

१३ डिसेंबर
आमची केसर म्हणते, अहो, द्या की कोपरा, एका पोफळीने काय होतंय. बायकोला काय सांगणार, प्रश्न पोफळीचा नाही, तत्त्वाचा आहे! शिवाय ती वडिलांनी लावलेली. आपोआप उगवली असेल तरी वडिलांच्याच काळात उगवली.

२ जानेवारी
सदाला पर्यायी जागा सुचवल्या. एक ओहोळाच्या काठाला, एक हरेश्वरच्या न्हाणीमागे. म्हणाला, काका, खांब हाय तो, तुळस न्हाय कुठंपण लावायला. हल्ली कुणाला बोलायची पद्धत राहिली नाही. प्रणालीने विचारलं, कधी? म्हटलं, तांत्रिक अडचण आहे.

१७ जानेवारी
खांब पलीकडच्या आळीत गेला. तिथल्या येसूबाईंनी आपलं अंगण दिलं म्हणे. संध्याकाळी मुद्दाम बघून आलो. उजेड फार भगभगीत आहे. आपल्या आळीला शोभला नसता. प्रणालीने पुन्हा रूम बघायला घेतली, पण स्वस्तातली. समजूतदार आहे.

२ फेब्रुवारी
प्रणाली रूमवर गेली. रिक्षा आळीत शिरत नाही, म्हणून बॅग मीच नाक्यापर्यंत नेली. जड होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. रिक्षात बसली आणि म्हणाली, बाबा, परत जाताना सांभाळून, काळोख पडलाय.
चाचपडत आलो. घर खायला उठलंय. जेवण गेलं नाही.
पण शांत डोक्याने विचार केला. आता रात्रीचं आळीतून येणारं आमच्याकडे कोणी उरलं नाही. तेव्हा खांबाची तशी घाई नाही.