आठव्या खोलीचं माप

सोमवार

पोहोचलो एकदाचे! बावीस मुलं, कोऱ्या कागदांच्या चार गुंडाळ्या आणि मी. कॉलेजात लागून दीड महिनाही झाला नाही, तोच विभागप्रमुखांनी अख्खी अभ्याससहल माझ्या गळ्यात घातली. पण आज तक्रार नाही. टेकडीवरचं हे बंद पडलेलं आरोग्यधाम बघताक्षणी आवडलं. लांबलचक व्हरांडा, त्याला लागून एका ओळीत आठ खोल्या, दगडी भिंती. पाच दिवसांत मुलांनी सगळं टेपनं मोजायचं आणि नकाशे काढायचे. झोपायची सोय खालच्या नव्या इमारतीत आहे, तिथे गरम पाणीसुद्धा आहे.

ताईची मुलगी छबी याच वर्गात आहे. निघताना ताई म्हणाली, तू आहेस म्हणून पाठवतेय. छबीला बजावलं, चारचौघांत मला मॅडम म्हणायचं. "हो मावशी," म्हणाली.

मंगळवार

बाहेरून इमारत एकशे बारा फूट भरते. आतल्या खोल्या आणि सगळ्या भिंती मिळून बेरीज येते एकशे अकरा. एक फूट कुठे गेला, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. टेप ढिली धरली असणार, दुसरं काय! मुलं म्हणतात, इमारतच वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

पुन्हा मोजायला लावलं. सात खोल्या चोख निघाल्या. शेवटची आठवी तेरा फूट रुंद हवी, ती बारा भरते. ती खोली कोणाच्या गटाकडे? छबीच्या. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की भाचीला झुकतं माप दिलं. तिला सगळ्यांदेखत बोलले.

रखवालदार म्हणाला, पूर्वी त्या खोलीत पाच खाटा मावायच्या. मी म्हटलं, मामा, तेव्हा माणसं बारीक असतील. तो हसला नाही.

बुधवार

आज स्वतः उभी राहून आठवी खोली मोजून घेतली. दहा फूट. टेप बदलली, टेप धरणारा बदलला. दहा फूट. संध्याकाळी पुन्हा मोजली, साडेनऊ फूट. मी कागद फेकून दिला.

विभागप्रमुखांचा फोन आला. नकाशा जुळवून आणा, नाहीतर तुम्हाला कायम करण्याचा विषय काढू नका, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. इमारत मोजता येत नसेल तर मुलांना काय शिकवणार, हेही वर.

जेवणानंतर छबीनं एकटीला गाठलं. "मावशी, मोजण्यात चूक नाहीये. खोली लहान होतेय. आपण घरी जाऊ ना."

मी फाडकन बोलले. तिसऱ्या वर्षाला आलीस आणि भिंती चालतात म्हणतेस? तोंड एवढंसं करून गेली. वाईट वाटलं, पण राग जास्त होता. पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, सकाळ

सात फूट.

खिडकीची अर्धी चौकट भिंतीत गेली आहे. काल मी नीट पाहिलं नसेल. खरंच पाहिलं नसेल.

मुलं आत पाऊल टाकायला तयार नाहीत. व्हरांड्यात बसून राहिली. मी ओरडले, नापास करीन म्हणाले. कोणी हललं नाही. शेवटी छबी उठली, म्हणाली, मी जाते, पण हे शेवटचं. मग घरी.

मी हो म्हटलं. मला ते माप हवंच होतं.

गुरुवार, दुपार

दार लागलं — नाही, लागलं नाही. चौकटच अरुंद झाली. वीतभर फट आहे. हात जातो, खांदा जात नाही. छबी आत आहे.

मुलं माणसं आणायला खाली पळाली. रखवालदार पहार मारतोय. दगडाला चराही पडत नाही.

ती घाबरू नये म्हणून मी म्हटलं, तू मोजत राहा, मी लिहिते. आता लिहायची थांबले की लगेच विचारते, लिहिलंत ना? म्हणून लिहितेय.

पाच फूट चार इंच.

चार फूट दहा.

कुठली भिंत सरकतेय, विचारलं. म्हणाली, दोन्ही.

तीन फूट आठ. पहार वाकली. रखवालदार खाली बसला आणि रडायला लागला, मी त्याला शिव्या दिल्या —

ताईला काय सांगू — काय तोंडानं —

तीन फूट. फटीतून तिची बोटं धरली आहेत. उजव्या हातानं लिहितेय. बोटं गरम आहेत.

दोन फूट दोन. चुकले मी बाळा, म्हटलं. ती म्हणाली, मॅडम, पुढचं माप घ्या.

एक फूट सात. अंग वळवून उभी राहिली आहे. श्वास —

फट आता फक्त बोटांपुरती —

एक फूट एक.

विचारतेय, बेरीज जुळली का. हो म्हटलं. जुळली, छबी, जुळली, सगळं जुळलं, आता टेप सोड, दोन्ही हात माझ्याकडे दे आणि —