निळ्या टोकाची घसरण

शुक्रवार, कोथरूड

वर्णपटाच्या निळ्या टोकाला ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेत कंप पावणं, आजही कमीच आलं. सर म्हणाले, "अहो, विश्वावर संशय घेण्याआधी आपलं यंत्र तपासा." तपासलं. ठणठणीत आहे. क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या धगधगत्या केंद्राच्या, झोताचा ध्रुवित प्रकाश इतका दांडगा, की तिथल्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तापलेल्या चकतीचा साधा, अध्रुवित उजेड वेगळा दिसतच नाही. तो निळसर, म्हणून मिसळला की निळ्या टोकाला ध्रुवण उतरतं, एवढीच त्याची खूण. पण नुसतं काहीतरी कमी झालं म्हणून 'आहे' म्हणायचं?

एरवी अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्या दादाशी फोनवर बोलताना आईचा आवाज खाली पार्किंगपर्यंत येतो. आज दारात उभी राहूनही जेमतेम ऐकू आला. म्हणजे बाबांना दवाखान्यातून सोडलं, आणि ते झोपलेत! चपला हातात घेऊनच आत गेले.

उद्या सरांना सांगणार, चकती आहे.