नाकातला दोरा

३ नोव्हेंबर १९३१
सुटली एकदाची मंगळवेढ्याची मेंढरं! आजपासून मी, गुंडा, सोलापुरात गिरणीच्या रंगखात्यात. भवानी पेठेत खोली मिळाली. तानाबाई तर हरखून गेली: सासूचा जाच न्हाय, दाराशी नळ, घरधनी साळा शिकलेला! काम सोपं हाय, नारिंगी खडे कुटून पिवळी पूड रंगाच्या हौदात टाकायची. जोडीला मल्लप्पा, लई जुना माणूस, हसतमुख. त्यानं ऐटीत एका नाकपुडीत दोरा घातला अन् दुसरीतून बाहेर काढला! मधला पडदाच न्हाय, पुडीनं खाल्ला म्हणं. म्हणाला, दोरा आरपार गेला की तू बी पक्का रंगारी. सगळे खो खो हसले. मी बी हसलो.

२० डिसेंबर
माझे कपडे झटकले की पिवळा धुरळा उडतो. तानाबाई खोलीतच झटकती, मग धुती. पिवळं पाणी बघून म्हणती, रोजच हळद लागतीया की आपल्या घरात! मोठी गमतीची बाई हाय.

८ एप्रिल १९३२
नाकातून खपल्या पडत हुत्या. आज सगळ्यांनी धरून दोरा घातला. गेला! मी पेढे वाटले. वास काही येत न्हाय, पण भाकरी करपली तर सांगायला तानाबाई हाय की.

२ ऑगस्ट
मल्लप्पाच्या खोकल्यात रक्त. इस्पितळात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, क्षय न्हाय, फुफ्फुसात गाठ हाय. कुठं काम करतोस, विचारलं. रंगखातं म्हटल्यावर मान खाली घातली. खात्यातले म्हणाले, आधी ह्याच हौदावरचे संगप्पा अन् भीमाशंकर बी असेच गेले. अन् हे मला आज सांगतात!

१९ सप्टेंबर
मल्लप्पा गेला. श्वासासाठी तडफडत हुता. मला लई भ्या वाटतंय. खोकला आला की हातावर थुंकतो, रंग बघतो. तानाबाईला काही सांगितलं न्हाय.

१ ऑक्टोबर
ठरलं. दिवाळीआधी गावी. मेंढरं परवडली. माझं व्हायचं ते हूं दे, तिला तरी मोकळी हवा. ती बी खोकती. चुलीचा धूर, म्हणती.

४ ऑक्टोबर, सकाळ
गाठोडी बांधली. शेजारची बाळाबाई ओरडत आत आली. दूध करपलं हुतं, वास तिच्या दारापर्यंत. मला येतच न्हाय. पण तानाबाई चुलीकडं पाठ करून बसलेली, हातभर अंतरावर. तिला कसा न्हाय —

दुपार
विचारलं. म्हणाली, लई दिस झालं वास येत न्हाय. खपल्या पडतात. तुमाला कशाला सांगायचं —

उजेडात बसवलं. दोरा ओला केला. हळू घातला. बिरोबा, अडव रं. अडव —

अडला न्हाय.

दोन्ही टोकं लोंबतायत. ती हसतीया. म्हणती, झाले की न्हाय मी बी पक्की रंगारी, आता पेढे —

तिला खोकला —

पदर तोंडावर — पदरावर लाल —